ल्युब्ल्याना: दीड तासात उरकायची की तीन रात्री राहायची?

सोनचाफा

परवा एका मैत्रिणीने युरोप सहलीचं पत्रक दाखवलं. अकरा दिवस, सहा देश. सातव्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं, "ल्युब्ल्याना शहरदर्शन, दीड तास, नंतर व्हेनिसकडे प्रयाण." वाचून जीव हळहळला, म्हणून हा धागा.

आम्ही दोघं गेल्या सप्टेंबरात तिथे, म्हणजे स्लोव्हेनियाच्या या राजधानीत, तीन रात्री राहिलो. ठरवून वगैरे अजिबात नाही. व्हिएन्नाहून व्हेनिसला जायचं होतं, सलग प्रवास नवऱ्याच्या गुडघ्यांना झेपला नसता, म्हणून मध्ये कुठेतरी पाठ टेकायला एक रात्र शोधत होते. जी खोली आवडली तिच्या मालकीणबाईंची अट होती की किमान तीन रात्री. नवरा म्हणाला, "तीन दिवस करायचं काय तिथे?" मीही मनात तेच म्हणत होते.

पोचलो रविवारी. व्हिएन्नाहून रेल्वेने सहा तास लागतात आणि तो रस्ता सुंदर आहे. सेमरिंगचा घाट चढणारी ही वाट १८५४ पासून चालू आहे. खिडकीला नाक लावून बसा. पण रविवारी स्लोव्हेनियात कायद्यानेच दुकानं बंद असतात हे मला माहीत नव्हतं. बरोबर चहापत्ती होती, साखर होती, आलंसुद्धा होतं. दूध नाही! मालकीणबाई वरच्याच मजल्यावर. हातवारे करून सांगितलं तर अर्धी बाटली दूध घेऊन खाली आल्या, दारात उभं राहून आमच्या दोघांकडे बघत काहीतरी विचारलं. "ओद् कोद् स्ता?" मी अंदाजाने "इंडिया" म्हणाले, तर खूश होऊन मान हलवत गेल्या. ते वाक्य मी फोनमध्ये देवनागरीत लिहून ठेवलंय. कोणाला अर्थ ठाऊक असेल तर सांगा.

संध्याकाळी खाली उतरलो. शहराच्या मध्यभागातून २००७ पासून मोटारी बंद केल्या आहेत हे वाचलं होतं, पण म्हणजे काय ते तिथे उभं राहिल्यावर कळलं. नदीकाठी एवढी माणसं बसलेली, आणि कानावर काय येतं तर कपात फिरणारे चमचे, सायकलची घंटी, दगडी फरशीवर कोणाच्या तरी चपला. आपण पुण्यात राहून किती ओरडून बोलायला लागलोय हे पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं. शेजारच्या टेबलावरच्यांनी दोनदा वळून पाहिलं तेव्हा नवऱ्याने आवाज खाली आणला.

गावाची ओळख म्हणजे तीन जोडपूल, त्रोमोस्तोव्ये. मधला पूल १८४२ चा. तो अपुरा पडायला लागला तेव्हा योझे प्लेचनिक या वास्तुरचनाकाराने तो पाडून मोठा केला नाही. दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक पूल तिरका जोडून दिला. १९३२ पर्यंत ते काम झालं. १८९५ च्या भूकंपात गाव मोडलं होतं, आणि त्यानंतरच्या ल्युब्ल्यानावर या एका माणसाचा हात इतका फिरलाय की बाजार, ग्रंथालय, घाट, स्मशानभूमी, जिकडे बघाल तिकडे तोच. २०२१ मध्ये त्याच्या या कामाला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाबद्दल एवढंच सांगते: बाहेरून विटा आणि ओबडधोबड दगड यांची भिंत, आणि दरवाजाची मूठ म्हणजे पितळी रंगाचं घोड्याचं डोकं. हात ठेवला की घोड्याची मान बरोबर तळव्यात बसते. आत शिरलं की काळ्या दगडी खांबांचा जिना, ३२ खांब, सगळं अंधारलेलं. आणि वर वर जावं तसा उजेड. अज्ञानातून ज्ञानाकडे वगैरे कल्पना आहे म्हणे. मला ती मूठच जास्त आवडली.

बाकी किल्ला, ड्रॅगन पूल, बाजार हे सगळं पत्रकातही आहे. माझं म्हणणं इतकंच की हे गाव बघायचं नाहीये, तिथे राहायचं आहे. तुमचे अनुभव लिहा.

रिकामटेकडा

फोटो? प्रवासवर्णनाला फोटो नाहीत म्हणजे मिसळीला तर्री नाही. बाकी छान. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

तिरकस

सोनचाफाताई, लेखन छान पण असहमत. मी त्या दीड तासवाल्यांपैकीच आहे. पूल पाहिला, ड्रॅगनबरोबर फोटो काढला, आइस्क्रीम खाल्लं, बसमध्ये येऊन बसलो. उरलेल्या वेळात बायकोने चुंबकं घेतली. काही चुकल्यासारखं आजतागायत वाटलेलं नाही.

शहराची लोकसंख्या तीन लाखांच्याही आत. म्हणजे आपल्या सांगली-मिरजेहून लहान. एवढे पैसे, एवढी रजा, एवढी व्हिसाची दगदग करून माणूस युरोपात जातो ते पॅरिस, रोम बघायला. स्वच्छ, टुमदार, निवांत या शब्दांत ज्याचं वर्णन संपतं त्या गावी तीन रात्री राहायला निवृत्त माणसांकडे वेळ असतो. आमच्याकडे वर्षाला पंधरा दिवस असतात. त्यातले तीन पितळी घोड्याला?

कृष्णाकाठ

तिरकसराव, सांगलीचं नाव घेतलंत म्हणून यावं लागलं.

आमच्या आयर्विन पुलाचं उद्घाटन १९२९ चं. म्हणजे त्यांचे बाजूचे पूल बांधायला घेतले तेव्हा आमचा झालेला होता. हे उगीच. पण मी दोन वर्षांपूर्वी कामासाठी ल्युब्ल्यानाला चार दिवस होतो आणि संध्याकाळी रोज तर्नोवोच्या बाजूला जाऊन बसायचो. तिथे प्लेचनिकने नदीकाठी लांबलचक दगडी पायऱ्या केल्यात, वर ओळीने विलोची झाडं. सरळ घाट आहे हो! कपडे धुणाऱ्या बाया तेवढ्या नाहीत. पोरंपोरी पुस्तकं, पिझ्झा, बिअर घेऊन पायऱ्यांवर. मला स्वामी समर्थ घाटाची आठवण येऊन गलबलून आलं.

मात्र एक प्रश्न पडला होता. नदी गावाच्या इतक्या पोटातून जाते, पाण्याला हात लागेल इतक्या जवळ टेबलं मांडलेली. यांना पूर येत नाही का? २००५ आणि २०१९ पाहिलेल्या माणसाला हेच सुचणार.

आल्प्सवासी

कृष्णाकाठ, बरोबर जागी बोट ठेवलंत. मी इथे सहा वर्षं राहतोय, नोकरीसाठी आलो आणि अडकलो.

पूर येतो, पण गावाच्या दक्षिणेला, दलदलीत. ल्युब्ल्यानाच्या खालच्या अंगाला मोठी दलदल आहे, बार्ये म्हणतात तिला. गावातून वाहणारं पाणी आवरायला १८व्या शतकात ग्रुबर नावाच्या जेझुइट पाद्र्याने किल्ल्याच्या टेकडीच्या मागून कालवा काढायला घेतला. पुराचं पाणी तिकडून वळतं, म्हणून मधल्या नदीला तुम्ही पाहिलीत ती मरगळ आलेली असते. टेबलं त्या कालव्याच्या जिवावर आहेत.

नदीचीही गंमत आहे. ल्युब्ल्यानित्सा ही सात नावांची नदी. हा सगळा चुनखडीचा प्रदेश, त्यामुळे ती जमिनीत गडप होते, पुढे कुठेतरी वर येते, पुन्हा गडप. दर वेळी वर आली की लोकांनी नवं नाव ठेवलं. सातव्यांदा बाहेर पडते ती गावातली. पोस्तोयनाच्या ज्या गुहेत पर्यटक छोट्या रेल्वेत बसून जातात ती याच खानदानातली, पिव्का नावाच्या वरच्या प्रवाहाने कोरलेली. आत बारा महिने दहा अंश तापमान असतं. उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर न्या. दर वर्षी कोणीतरी पाहुणा अर्ध्या बाह्यांत कुडकुडतो आणि मला माझं जॅकेट द्यावं लागतं.

दलदलीने जपून ठेवलेली एक वस्तू नगर संग्रहालयात आहे: लाकडी चाक, आसासकट, साधारण ५,००० वर्षांपूर्वीचं. सापडलेल्या लाकडी चाकांत सर्वांत जुन्यांपैकी. काचेच्या पेटीत अंधारात ठेवलंय. आस चाकात पाचर ठोकून घट्ट बसवलेला, म्हणजे चाक आणि आस बरोबर फिरायचे. माझे वडील आले होते, गावाकडे बैलगाडी हाकलेले. त्या पेटीपुढे वीस मिनिटं उभे होते. "वळणावर त्रास होत असणार," एवढंच बोलले. ड्रॅगनकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

तिरकसराव, दीड तासात हे होत नाही. पण तुमचाही मुद्दा कळतो. मुंबईहून थेट विमान नाही, इथे यायचं म्हणजे वाट वाकडी करावीच लागते.

चकलीभाजणी

मी पूर्ण शाकाहारी. अंडं चालतं. उपासमार होईल का? एप्रिलमध्ये जायचं चाललंय, बरोबर सासूबाई आहेत, त्यांना अंडंही चालत नाही.

सोनचाफा

चकलीभाजणी, उपासमार नाही होणार. श्त्रुक्ली म्हणून एक प्रकार आहे, पिठाच्या पातळ पोळीत पनीरसारखं काहीतरी पसरून गुंडाळी करतात आणि उकडतात. गोड आणि तिखटमिठाचे दोन्ही मिळतात. आम्ही अक्रोडाचे खाल्ले. सासूबाईंना मात्र विचारूनच द्या, पिठात आणि सारणात बऱ्याचदा अंडं असतं.

शुक्रवारी तिथे असाल तर बाजारचौकात उघड्यावर खाण्याचे ठेले लागतात, साधारण मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस नसेल तर. डोळ्यांसमोर शिजवत असतात, त्यामुळे काय पडतंय ते दिसतं. बाजाराजवळ दुधाचं यंत्रही होतं. नाणं टाका, बाटली धरा, ताजं दूध. सोमवारी सकाळी मी तिथे आधी गेले, मग किल्ल्यावर!

आल्प्सवासी

थोडी भर. "ब्रेज मेसा" हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे मांसाशिवाय. आणि मासे नकोत हे वेगळं सांगा, नाहीतर ट्राउट पुढ्यात येईल. सुपात काय घातलंय तेही विचारा. "योता" या आंबट कोबीच्या आणि घेवड्याच्या आमटीत बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं.

अयदोवी झ्गान्त्सी मागवलंत तर ते कुट्टूच्या पिठाचं असतं. घट्ट उकड काढून काट्याने मोकळी केल्यासारखं. सासूबाईंना आवडेल, उपासाची आठवण येईल. पण त्यावर डुकराच्या चरबीचे तळलेले कण टाकायची पद्धत आहे, ओत्स्विर्की. आधीच नको सांगा. तिवोली बागेकडे घोड्याच्या मांसाचे बर्गर विकतात, तिथे पाटीवरचं घोड्याचं चित्र ही सजावट नाही हे लक्षात असू द्या.

नळाचं पाणी बिनधास्त प्या. रस्त्यावरच्या कारंज्यांचंही. बाटल्या विकत घेणारे पाहुणे बघितले की आम्हाला वाईट वाटतं.

रिकामटेकडा

घोड्याची मूठ, घोड्याचा बर्गर. फोटो अजून नाहीत.

व्याकरणवेडा

धागा उशिरा पाहिला. सोनचाफाताई, तुमचं ते दूधवालं वाक्य वाचून मी खुर्चीतून उठलो. तेहतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, आता हेच उद्योग.

"ओद् कोद् स्ता" म्हणजे "तुम्ही कुठच्या?" पण नुसतं तुम्ही नव्हे. तुम्ही दोघं. स्लोव्हेनियन ही युरोपातल्या त्या मोजक्या भाषांपैकी आहे जिच्यात द्विवचन अजून जिवंत आहे, घराघरांत, बाजारात. आपल्याकडे ते प्राकृतातच गळालं, मराठीला मिळालंच नाही. आठवीतल्या पोरांना मी सांगायचो की हे द्विवचन फक्त परीक्षेपुरतं आहे, बाहेर कुठे भेटायचं नाही. चुकलो.

आता अस् धातू म्हणून बघा. अस्मि, स्वः, स्मः. त्यांचं: सेम, स्वा, स्मो. मी आहे, आम्ही दोघं आहोत, आम्ही सगळे आहोत. मध्यम पुरुषात स्थः आणि स्थ, त्यांचं स्ता आणि स्ते. मालकीणबाई "स्ता" म्हणाल्या ते "स्थः". तुम्ही उत्तर द्यायला हवं होतं, "मिद्वा स्वा इझ इंडिये." आम्ही दोघं भारतातले. स्वा म्हणजे स्वः!

हे काही "सगळं आमच्याकडूनच गेलं" छापाचं नाही, तसले प्रतिसाद कृपया देऊ नका. दोन्ही भाषा एका जुन्या मुळाच्या नाती आहेत, एवढंच. पण नाती आहेत हे चेहऱ्यावरून कळतं. मेसो म्हणजे मांस. नेबो म्हणजे आकाश, आपलं नभ. ओगेन्य म्हणजे अग्नी. मेद म्हणजे मध. आणि सुनेला म्हणतात स्नाहा. संस्कृत स्नुषा, तीच आपली सून. नवऱ्याच्या आईला जुना शब्द स्वेक्रवा, संस्कृत श्वश्रू, आपली सासू.

सोनचाफा

काका, अंगावर काटा आला. म्हणजे दारात उभ्या राहून त्या बाईंनी आम्हा दोघांना एका क्रियापदात बसवलं आणि मी "इंडिया, इंडिया" करत दूध घेऊन आत आले.

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, तरीच प्रेशेरेनचं झालं तसं झालं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुलाशेजारच्या चौकात त्यांच्या राष्ट्रकवीचा पुतळा आहे, १९०५ चा. त्याचं यूलिया नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीवर प्रेम होतं, एकतर्फी. आता समोरच्या गल्लीतल्या एका घराच्या भिंतीवर खिडकीत तिचं शिल्प बसवलंय आणि पुतळा तिच्याकडे बघत उभा. ज्या भाषेत "आम्ही दोघं" म्हणायला वेगळं क्रियापद आहे त्या भाषेच्या कवीला ते वापरायला मिळालं नाही.) शिवाय त्याच्या डोक्यावर फांदी धरून काव्यदेवता बसलीय, कमरेच्या वर उघडी. समोरच चर्च. पाद्री इतके भडकले की मध्ये बर्चची झाडं लावावी लागली.

तिरकस

मी "एकटाच आहे" म्हणायला कोणतं रूप वापरू? इथे तसंच दिसतंय.

व्याकरणवेडा

सेम. अस्मि. छोटं आहे, पाठ होईल.

कृष्णाकाठ

त्यांच्या त्या कवीच्या पुण्यतिथीला, ८ फेब्रुवारीला, सगळ्या देशाला सुट्टी असते. माझी एक बैठक त्यामुळेच पुढे गेली होती. कारण विचारलं तर समोरचा म्हणाला, "कवितेची सुट्टी." आपल्या २७ फेब्रुवारीला मी कचेरीत रजा मागून पाहीन म्हणतो.

आल्प्सवासी

आता एक जागा सांगतो जी कुठल्याच पत्रकात नसते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या सैन्याने हे शहर ताब्यात घेतलं होतं. प्रतिकार मोडायचा म्हणून फेब्रुवारी १९४२ मध्ये अख्ख्या गावाभोवती काटेरी तारांचं कुंपण घातलं, मध्ये मध्ये बंकर. परवान्याशिवाय आत-बाहेर नाही. इटलीने शरणागती पत्करल्यावर जर्मन आले, कुंपण तसंच. ९ मे १९४५ पर्यंत, १,१७० दिवस.

युद्धानंतर त्या तारेच्या रेषेवरच लोकांनी पायवाट केली, तीस किलोमीटरहून जास्त लांब, दोन्ही बाजूंना झाडं. आम्ही तिला नुसतं "पोत" म्हणतो, म्हणजे वाट. काका, हा शब्दही तुमच्यासाठी: पथ. दर मे महिन्यात शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे ती चालतात. एरवी संध्याकाळी कुत्री, बाबागाड्या, धावणारे. माझ्या घरामागूनच जाते. पहिलं वर्षभर मी तिच्यावर पळत होतो आणि ती कशाची रेषा आहे हे मला ठाऊक नव्हतं. एके दिवशी बाजूचा अष्टकोनी दगड वाचला.

तिरकस

हे माहीत नव्हतं. दीड तासात कोणी सांगितलंही नाही. आमचा वाटाड्या ड्रॅगनच्या शेपटीवरचे विनोद सांगत होता.

तरी तीन रात्री नाही. फार तर एक. आणि रविवार सोडून.

चकलीभाजणी

दोन प्रश्न उरले. व्हिसा वेगळा लागतो का? आणि सासूबाई फार चालू शकत नाहीत, किल्ल्यावर कसं न्यायचं?

सोनचाफा

व्हिसा वेगळा नाही, शेंगेनच. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज; आमच्या जास्त रात्री ऑस्ट्रियात होत्या म्हणून त्यांच्याकडे केला. सगळीकडे सारख्याच असतील तर जिथे पहिल्यांदा उतराल तो देश. सीमेवर अधूनमधून तपासणी होते, पासपोर्ट पेटीत खाली कोंबू नका. व्हेनिसकडे जाताना आमची बस थांबवली तेव्हा नवऱ्याचा पासपोर्ट कपड्यांच्या तळाशी होता. पुढचं लिहीत नाही.

आल्प्सवासी

किल्ल्यावर जायला तिरकी लिफ्टगाडी आहे, बाजाराजवळूनच सुटते. काचेची, मिनिटभरात वर. चालत पंधरा-वीस मिनिटं, पण चढ आहे. आणि मध्यभागात मोटारी नसल्या तरी विजेवर चालणाऱ्या छोट्या हिरव्या गाड्या फिरतात, "कवालिर" म्हणून. फुकट. वयस्कर लोकांसाठीच आहेत मुख्यतः, फोन करून बोलवायच्या. माणसाच्या चालीने जातात. माझी आई त्यात बसून तीन फेऱ्या मारून आली होती, उतरायलाच तयार नव्हती.

चकलीभाजणी

वा! मग ठरलं. ड्रॅगन पुलावरून सासूबाईंना त्याच गाडीतून नेते.

आल्प्सवासी

अवश्य. फक्त एक सांगून ठेवतो. १९०१ चा पूल आहे, चार कोपऱ्यांवर तांब्याच्या पत्र्याचे चार मोठे ड्रॅगन, जबडे वासून. इथले काही जण त्यांना लाडाने "सासू" म्हणतात.

चकलीभाजणी

हे आता सांगताय? त्या हा धागा वाचतात.

व्याकरणवेडा

कोणत्या शब्दाने म्हणतात? स्वेक्रवा की दुसरा? फार महत्त्वाचं आहे.

आल्प्सवासी

दुसरा, काका. ताश्चा. तो बायकोच्या आईलाही चालतो.

चकलीभाजणी

सासूबाई विचारतायत, चौघांतला कोणता ड्रॅगन जास्त चांगला आहे, त्याच्याशेजारी फोटो काढायचाय.

रिकामटेकडा

तो फोटो तरी टाका.